शाळेच्या रोबोटिक्स वर्गासाठी मायक्रोकंट्रोलर बोर्ड निवडताना: आधी काय, मग काय

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि लगेच रोबोटिक्स क्लबची, विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू होते. नागपुरातल्या शिक्षकांकडून मग त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. मायक्रोकंट्रोलर बोर्ड (सेन्सर वाचून मोटर, दिवे चालवणारे, प्रोग्राम चढवता येणारे छोटे सर्किट बोर्ड) आणले, पण संगणक ते ओळखत नाही. गाडी टेबलावर नीट चालते, जमिनीवर ठेवली की अडखळते. नवा सेन्सर जोडला आणि बोर्डच गेला. या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे: बोर्ड सगळ्यात आधी घेतला जातो, आणि प्रकल्प, संगणक, मोटर, बॅटरी यांचा विचार नंतर होतो. खालच्या टप्प्यांत बोर्डाची निवड पाचव्या टप्प्यावर येते. तोवर थांबा. पहिले चार टप्पे कागद-पेन घेऊन एका दुपारी उरकतात आणि त्यात एक रुपयाही खर्च होत नाही.

## टप्पा १ : वर्षाचे प्रकल्प लिहा आणि पिना मोजा

मुलं वर्षभरात काय बनवणार आहेत ते वहीत लिहून काढा. पाच-सहा प्रकल्प पुरे. ते आपल्या आसपासचे असले तर मुलांना मोजमापाचा अर्थ लगेच कळतो: कूलरच्या टाकीतलं पाणी संपत आलं की वाजणारा बझर, संत्र्याच्या रोपाच्या कुंडीतला ओलावा, वर्गातलं आणि गच्चीवरचं तापमान, काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी.

आता प्रत्येक प्रकल्पापुढे सेन्सर, मोटर, डिस्प्ले लिहा आणि त्याला लागणाऱ्या पिना (बोर्डावरच्या तारा जोडायच्या जागा) मोजा. सगळ्यात जास्त पिना गाडीला लागतात, म्हणून तिचाच हिशेब घेऊ:

- मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणारं सर्किट) : दिशेसाठी ४, वेगासाठी २ (या दोन पिना पीडब्ल्यूएमच्याच, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन वेग कमी-जास्त करणाऱ्याच हव्यात)
- पट्टी ओळखणारे दोन आयआर सेन्सर : २
- अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर : २
- तो सेन्सर डावी-उजवीकडे फिरवणारा सर्व्हो (ठरलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) : १
- मोबाइलवरून चालवायचं असेल तर ब्लूटूथ मॉड्यूल : २

एकूण १३. अर्डुइनो युनो या बोर्डावर डिजिटल (फक्त चालू-बंद समजणाऱ्या) पिना १४ आहेत, म्हणजे भागलं असं वाटतं. पण ० आणि १ या दोन पिना यूएसबीवरून प्रोग्राम चढवण्यासाठी लागतात, त्या मोकळ्या ठेवायच्या. उरल्या १२. तेराव्या तारेसाठी ए० ते ए५ या अॅनालॉग (कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजणाऱ्या) पिनांपैकी एक डिजिटल म्हणून वापरता येते, हे माहीत असेल तर युनो पुरतो. माहीत नसेल तर लोक ब्लूटूथ ० आणि १ वर जोडतात आणि मग "अपलोड होत नाही" म्हणून बोर्डाला दोष देतात.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर लिहून ठेवा. युनोवर सर्व्होची लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) वापरली की ९ आणि १० या पिनांवरचं पीडब्ल्यूएम बंद होतं. मोटरच्या वेगाच्या तारा तिथे असतील तर सर्व्हो जोडल्याक्षणी वेगाचं नियंत्रण जातं. त्या तारा ५ आणि ६ वर घ्या.

सावधान : कूलरचा प्रकल्प करताना खऱ्या कूलरचा २३० व्होल्टचा पंप वर्गात आणू नका, रिले (विजेवर चालणारा स्विच) लावूनही नाही. ५ व्होल्टवर चालणारा छोटा पाण्याचा पंप बादलीत सोडला की तोच धडा शिकवता येतो.

तपासा : सेन्सर नागपूरच्या उन्हात टिकेल का? डीएचटी११ हा स्वस्त सेन्सर ५० अंश सेल्सिअसपर्यंतच मोजतो. मे महिन्यात आपल्याकडे हवेचंच तापमान ४५ च्या पुढे जातं, आणि गच्चीवर बंद डब्यात ठेवलेला सेन्सर त्याहून बराच तापतो. गच्चीसाठी डीएचटी२२ किंवा डीएस१८बी२० घ्या. कुंडीतल्या ओलाव्यासाठी दोन उघड्या काट्यांचा सेन्सर टाळा, त्याचे काटे ओल्या मातीत गंजून जातात. धातू उघडा नसलेला कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या.

## टप्पा २ : संगणक कक्षात जाऊन बसा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि सर्वाधिक तास इथेच वाया जातात. बोर्ड कितीही चांगला असला तरी त्यावर प्रोग्राम चढतो तो शाळेच्या संगणकावरूनच. म्हणून ज्या संगणकांवर मुलं बसणार आहेत, त्यांच्यासमोर स्वतः बसून चार गोष्टी लिहून आणा.

पहिली, विंडोज कोणतं. अर्डुइनो आयडीई या प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या २ मालिकेला ६४ बिटचं विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं. विंडोज ७ असेल तर जुनी १.८.१९ आवृत्ती टाका, युनोसाठी ती पुरेशी आहे. संगणक लिनक्सवर असतील तर प्रत्येक वापरकर्त्याला डायलआउट (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) गटात घालावं लागतं, नाहीतर पोर्ट दिसतं पण प्रोग्राम चढत नाही.

दुसरी, अॅडमिन पासवर्ड कोणाकडे आहे. बाजारातल्या बहुतेक स्वस्त बोर्डांवर सीएच३४० ही यूएसबी चिप असते. जुन्या विंडोजवर तिचा ड्रायव्हर (मोटरचा नव्हे, तर संगणकाला ती चिप ओळखू येण्यासाठीचं सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागतो आणि त्याला हा पासवर्ड लागतो. संगणकाचं कंत्राट बाहेरच्या माणसाकडे असेल तर त्याला आधीच बोलावून घ्या.

तिसरी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. काही शाळांत संगणक रीस्टार्ट केला की सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असतं. आज टाकलेला ड्रायव्हर उद्या नसतो. ते थोडा वेळ बंद करून, ड्रायव्हर टाकून, मग पुन्हा चालू करून घ्यावं लागतं.

चौथी, इंटरनेटचा वेग. ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डासाठी आयडीईत जे पॅकेज उतरवावं लागतं ते बरंच मोठं आहे. सगळ्या संगणकांवर एकदम उतरवायला लागलात तर तास संपेल, डाउनलोड संपणार नाही. शिवाय जुन्या हार्डडिस्कच्या संगणकावर ईएसपी३२ चा पहिला प्रोग्राम कंपाइल (बोर्डाला समजेल असा तयार) व्हायला काही मिनिटं सहज जातात. ३५ मिनिटांच्या तासिकेत ही काही मिनिटं फार महाग पडतात. युनोचा प्रोग्राम त्याच संगणकावर झटकन तयार होतो.

## टप्पा ३ : ५ व्होल्ट की ३.३ व्होल्ट, हे ठरवा

युनो, नॅनो, मेगा हे अर्डुइनोचे बोर्ड ५ व्होल्टवर बोलतात. ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको आणि मायक्रोबिट ३.३ किंवा त्याच्या आसपासच्या व्होल्टेजवर. बाजारात शाळांसाठी मिळणारे बरेचसे सेन्सर ५ व्होल्टसाठी बनलेले असतात. अशा सेन्सरची ५ व्होल्टची आउटपुट तार थेट ३.३ व्होल्टच्या पिनमध्ये घातली, तर ती पिन, कधी अख्खी चिप, खराब होऊ शकते. ती लगेच जाईलच असं नाही. कधी आठवडाभर चालते आणि प्रदर्शनाच्या दिवशी बंद पडते, त्यामुळे कारण सापडत नाही.

एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरचं उदाहरण घ्या. त्याची एको (परत आलेल्या ध्वनीचा सिग्नल देणारी) तार ५ व्होल्ट देते. ईएसपी३२ ला जोडताना एको आणि बोर्डाची पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रझिस्टर, आणि त्या पिनपासून ग्राउंडपर्यंत (शून्य व्होल्टच्या पिनपर्यंत) २ किलोओहमचा रझिस्टर लावायचा. ५ व्होल्टचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट पिनपाशी पोचतात. दहावीपुढच्या मुलांना हे गणित करायला आवडतं. सातवीच्या वर्गात चाळीस मुलं एकदम तारा जोडत असताना मात्र प्रत्येक गटाचे दोन्ही रझिस्टर बरोबर लागलेत का, हे एकट्या शिक्षकाला बघता येत नाही.

तपासा : शाळेच्या कपाटात आधीपासून सेन्सर पडून असतील, अटल टिंकरिंग लॅब या शाळांसाठीच्या सरकारी योजनेचं जुनं साहित्य असेल, तर ते बाहेर काढून प्रत्येकावरचं व्होल्टेज वाचा. ढीग ५ व्होल्टचा असेल तर ५ व्होल्टचा बोर्ड घेणं हा सरळ मार्ग आहे.

## टप्पा ४ : मोटर आणि बॅटरीचा हिशेब

टेबलावर चालणारी गाडी जमिनीवर का अडखळते? टेबलावर बोर्डाला वीज संगणकाच्या यूएसबीतून मिळत असते आणि बॅटरी फक्त मोटर फिरवते. जमिनीवर ठेवताना यूएसबी काढली की बोर्ड आणि मोटर दोघांचा भार एकाच बॅटरीवर येतो. ती बॅटरी रेडिओत टाकतात तशी ९ व्होल्टची चौकोनी असेल, तर मोटर सुरू होताच तिचं व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होतो, मोटर थांबते, व्होल्टेज पुन्हा चढतं, आणि हे चक्र चालू राहतं. गाडी झटके देत जाते ती यामुळे. त्या बॅटरीवर ९ व्होल्ट छापलेले असले तरी मोटरला लागेल एवढा करंट ती देऊ शकत नाही. गाडीच्या साहित्याच्या यादीतून ती काढूनच टाका.

एल२९८एन हा लाल रंगाचा मोटर ड्रायव्हर सगळीकडे मिळतो, पण तो स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. चार एए सेलचे ६ व्होल्ट दिले तर मोटरपर्यंत चारच पोचतात. मोठ्या वर्गांसाठी १८६५० प्रकारचे दोन लिथियम सेल, म्हणजे ७.४ व्होल्ट, आणि एल२९८एन अशी जोडी जमते. लहान वर्गांच्या हातात लिथियम सेल देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्यासाठी चार एए सेल आणि टीबी६६१२ ड्रायव्हर घ्या, त्यात व्होल्टेज फारसं वाया जात नाही.

सर्व्होची वीज बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनमधून घेऊ नका. अडकलेला छोटा सर्व्होसुद्धा अर्ध्या अॅम्पिअरहून जास्त ओढतो. त्याला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्या.

सावधान : पुरवठे वेगळे असले तरी सगळ्यांचं ग्राउंड एकत्र जोडलेलं हवं. मोटरच्या बॅटरीचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडायचं राहिलं की ड्रायव्हरला सिग्नल कळत नाही आणि मोटर मनाला येईल तशी फिरते. प्रोग्राममध्ये चूक शोधत बसण्याआधी ही एक तार बघा.

## टप्पा ५ : आता बोर्ड निवडा

तुमच्या वहीत आता पिना, संगणक, व्होल्टेज आणि वीज या चार नोंदी आहेत. त्यांच्याशी ताडून बघा.

पाचवी ते सातवी : मायक्रोबिट. बोर्डावरच ५ बाय ५ दिवे, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर आहे आणि दुसऱ्या आवृत्तीत माइक व स्पीकरही. तारा न जोडता पहिले कितीतरी तास भरतात. ठोकळे जुळवून प्रोग्राम तयार करता येतो आणि पेन ड्राइव्हवर फाइल टाकावी तसा चढवता येतो, संगणकात ड्रायव्हर टाकायची कटकट साधारणपणे नसते. क्लोन (मूळ रचनेवरून दुसऱ्यांनी बनवलेल्या) युनोपेक्षा तो बराच महाग आहे. मोठ्या कड्यांच्या पिना तीनच आहेत, बाकीच्यांसाठी वेगळा कनेक्टर घ्यावा लागतो. मोटरसाठी ड्रायव्हर बोर्ड लागतोच.

आठवी-नववी आणि पहिल्यांदाच सुरू करणारी कोणतीही शाळा : युनो आर३. एटीमेगा३२८पी ही चिप, १६ मेगाहर्ट्झ, ३२ केबी फ्लॅश (प्रोग्राम साठवायची जागा), २ केबी रॅम. आजच्या मानाने हे आकडे लहान आहेत, पण वर लिहिलेल्या सगळ्या प्रकल्पांना पुरतात. वर्गासाठी मी युनोची शिफारस करतो ती वेगळ्या कारणांसाठी: ५ व्होल्ट असल्यामुळे सेन्सर थेट जुळतात, पिनांवर आकडे स्पष्ट छापलेले असतात, आणि मूळ रचनेत यूएसबीवर ५०० मिलिअॅम्पिअरला तुटून पुन्हा जुळणारा फ्यूज आहे. मुलांनी चुकून ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना लावलं तर संगणकाचं पोर्ट वाचतं.

युनो घेताना डीआयपी प्रकारचाच घ्या, म्हणजे ज्यात लांबट काळी चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते. चिप जळली तर तेवढीच उपसून नवी बसवायची, बोर्ड टाकावा लागत नाही. नवी चिप बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्राम स्वीकारणारा छोटा प्रोग्राम) चढवलेली मागा. चपटी, चिकटवलेली चिप असलेला बोर्ड थोडा स्वस्त मिळतो, पण वर्गात तो शेवटी महाग पडतो.

२०२३ मध्ये आलेल्या युनो आर४ ची रॅम आणि वेग जास्त आहे, तोही ५ व्होल्टचाच आहे. पण त्याची एक पिन ८ मिलिअॅम्पिअरच देते, आर३ च्या पिनला २० सहज चालतात. जुन्या धड्यांतल्या एलईडीच्या जोडण्या जशाच्या तशा वापरणार असाल तर रझिस्टर बदलावे लागतील.

दहावीच्या पुढे आणि मोबाइल किंवा वायफायचा प्रकल्प खरोखर असेल तर : ईएसपी३२. वेग २४० मेगाहर्ट्झपर्यंत, वायफाय आणि ब्लूटूथ अंगचेच. मात्र त्याच्या पिनांना स्वभाव आहेत. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत, त्यांवर एलईडी लागत नाही. ६ ते ११ या पिना आतल्या मेमरीला जोडलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. पिन १२ ला सुरू होताना व्होल्टेज मिळालं तर बोर्ड उठतच नाही. वायफाय चालू असताना अॅनालॉगच्या दोन गटांपैकी दुसरा गट वापरता येत नाही. हा तक्ता छापून भिंतीवर लावणार असाल तरच ईएसपी३२ वर्गात आणा. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडला जातो, हेही शाळेच्या राउटरवर बघून घ्या. शाळेत इंटरनेट नसेल तरी अडत नाही, बोर्ड स्वतःचं वायफाय उभं करतो आणि मुलं मोबाइलवरून त्याला जोडून घेतात.

पायथन शिकवायचं असेल तर : रास्पबेरी पाय पिको. २६४ केबी रॅम आहे आणि मायक्रोपायथन (छोट्या बोर्डांसाठीचं पायथन) त्यावर छान चालतं. अॅनालॉग पिना तीनच. साधा पिको पिनांच्या पट्ट्या सोल्डर न करता येतो, म्हणून त्या आधीच लावलेला, नावात एच असलेला प्रकार मागा.

सावधान : एका वर्गात दोन प्रकारचे बोर्ड मिसळू नका. "अर्धे युनो आहेत, अर्धे ईएसपी घेऊन टाकू" असं केलं की प्रत्येक सूचना दोनदा द्यावी लागते आणि तारा चुकतात.

## टप्पा ६ : आधी दोनच बोर्ड आणा

सीताबर्डीतल्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पण पूर्ण संख्या सांगण्याआधी दोन नमुने आणून शाळेच्याच संगणकावर तपासा. दुकानात तपासणार असाल तर लॅपटॉप सोबत न्या.

बहुतेक नवे बोर्ड ब्लिंक (दिवा लुकलुकवणारा) हा प्रोग्राम आधीच चढवून येतात. बोर्डाला वीज दिली, दिवा लुकलुकला आणि दुकानदार म्हणाला "बघा सर, चालू आहे", तर त्यातून एवढंच कळतं की वीज पोचली. प्रोग्राम चढतो की नाही ते कळत नाही. म्हणून ब्लिंक उघडा, त्यातले दोन्ही १००० चे आकडे २०० करा आणि अपलोड करा. दिवा भराभर लुकलुकू लागला तरच बोर्ड, केबल, ड्रायव्हर आणि पोर्ट हे चारही ठीक आहेत.

पोर्टच दिसत नसेल तर सगळ्यात आधी केबल बदला. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. केबल घेताना "भाऊ, डेटा केबलच द्या" असं स्पष्ट सांगा. नॅनो असेल आणि पोर्ट दिसूनही अपलोड अडत असेल, तर आयडीईत प्रोसेसरच्या यादीत ओल्ड बूटलोडर निवडून बघा. ईएसपी३२ अडला तर अपलोड सुरू होताना बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा.

मग मल्टीमीटर लावा. ५ व्होल्ट पिनवर ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान यायला हवं. शेवटी एक एलईडी आणि ३३० ओहमचा रझिस्टर घेऊन प्रत्येक पिन एकेकदा चालू-बंद करून बघा. हे काम नववीची दोन मुलं आनंदाने करतात.

क्लोन की अस्सल? चांगला क्लोन वर्गाला पुरतो, किंमत अस्सलच्या कितीतरी पट कमी असते. एक अस्सल बोर्ड मात्र शिक्षकाच्या टेबलावर असू द्या. मुलाचा प्रोग्राम तिथे चालला आणि त्याच्या बोर्डावर नाही, तर दोष कुठे आहे ते लगेच समजतं.

## टप्पा ७ : संख्या आणि खरेदीचा कागद

प्रत्येक मुलाला बोर्ड द्यायची गरज नाही. तीन मुलांमागे एक बरा पडतो: एक तारा जोडतो, एक प्रोग्राम लिहितो, एक तपासतो, आणि दर तासाला जागा बदलतात. तीस मुलांसाठी दहा बोर्ड आणि दोन राखीव. वाचलेल्या पैशांतून मल्टीमीटर, जादा जंपर (सोल्डर न करता खोचायच्या) तारा, ब्रेडबोर्ड (तारा खोचून सर्किट जुळवायची पाटी) आणि चार-पाच सुट्या चिपा घ्या. वर्गात बोर्डापेक्षा जंपर तारा लवकर संपतात.

सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल आणि कोटेशन किंवा जीईएम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून खरेदी होणार असेल, तर मागणीत नुसतं "मायक्रोकंट्रोलर बोर्ड" लिहू नका. सगळ्यात कमी दराचं जे येईल ते स्वीकारावं लागतं. चिपचं नाव, डीआयपी सॉकेट, यूएसबी चिप, सोबत डेटा केबल, आणि नमुन्याप्रमाणेच माल, हे सगळं लिहा. बिघडलेले बोर्ड किती दिवसांत बदलून मिळतील तेही लेखी घ्या.

## टप्पा ८ : मुलांच्या हातात देण्याआधी

माल आला की त्याच आठवड्यात टप्पा ६ मधली ब्लिंकची चाचणी प्रत्येक बोर्डावर करा. बदलून घेण्याची मुदत बहुतेक वेळा खोक्यात पडून असतानाच संपते. प्रत्येक बोर्डाला, त्याच्या केबलला आणि डब्याला एकच क्रमांक द्या. बोर्डाच्या खाली जाड पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा तुकडा स्क्रूने लावा, कारण टेबलावर पडलेली स्टेपलरची पिन खालच्या सोल्डरच्या टाक्यांना लागली तरी शॉर्ट होतं.

कूलर लावलेल्या खोलीत कपाट असेल तर डबे घट्ट झाकणाचे हवेत. कूलरच्या दमट, धुळीच्या हवेत ब्रेडबोर्डच्या आणि पिनांच्या पट्ट्यांवर गंज चढतो आणि जोडण्या सैल होतात.

उन्हाळ्याच्या सुटीआधी सगळ्या डब्यांतून सेल काढून ठेवा. एए सेल आत राहिले तर गळतात आणि होल्डर खातात. लिथियम सेल पूर्ण चार्ज करून ठेवू नका, अर्ध्याच्या आसपास ठेवा, आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत तर मुळीच नको. ते तळमजल्यावरच्या थंड कपाटात, प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या खोळीत घालून ठेवा. शाळा उघडली की आधी त्यांचं व्होल्टेज मोजा. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला, फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल पुन्हा चार्ज करू नका. त्याची टोकं टेपने झाकून तो ई-कचऱ्यात द्या.